घेणारीनं आधी स्टुलावर बसावं

बॅच संपत आली की हा प्रश्न येतोच. परकर शिवून झाला, सलवार झाली, अस्तराचा ब्लाऊज अंगाला नीट बसायला लागला, की एखादी मुलगी खडूनं आखता आखता मान वर न करता विचारते, "बाई, घरी मशीन घ्यावं म्हणते. जुनं घेतलं तर चालंल का?"

सोलापूरच्या पूर्व भागात माझा शिवणक्लास आहे. इथल्या कितीतरी घरांत दोन-दोन पिढ्या विड्या वळण्यात गेल्या. घरी तेलुगू आणि गल्लीत मराठी बोलणाऱ्या या मुली आईच्या मांडीवरचं तंबाखूचं सूप बघत वाढल्या. पानं कातरायची कात्री त्यांच्या हातात लहानपणीच आलेली असते, त्यामुळे कापड कापायला मला फार शिकवावं लागत नाही. बोटं तयारच असतात. अडतं ते मशीनपाशी. टेबल-स्टँडसकट नवं पायमशीन घ्यायचं म्हणजे सात-आठ हजारांची तजवीज हवी. बचत गटातून कर्ज काढलं, तर सुरुवातीची सगळी शिलाई हप्त्यात जाते आणि हिच्या शिवण्याचा घराला काय उपयोग, असं म्हणायला घरचे मोकळे होतात. म्हणून मी सांगते, जुनंच घे. निम्म्या पैशांत येईल, आणि पारखून घेतलंस तर स्वस्तातल्या नव्यापेक्षा चांगलं चालेल. फक्त बघायला मला सोबत ने.

बघायला निघालं की घरातला एखादा पुरुष बरोबर असतो, नवरा किंवा भाऊ. त्यांची काळजी खरी असते. बऱ्याचदा पैसेही त्यांचेच असतात. ते मशीनवरचं नाव वाचतात, रंग बघतात, चाकाला एक गिरकी देतात आणि भावाचं बोलायला लागतात. जिला पुढची वीस वर्षं त्या मशीनवर काढायची आहेत, ती दाराशी उभी असते. मी तिला आधी स्टुलावर बसवते. "तू बस," म्हटलं की ती पहिल्यांदा नवऱ्याकडे बघते. बसली की मात्र पाचेक मिनिटांत तिच्या लक्षात अशा गोष्टी येतात, ज्या उभ्या माणसाला कधीच कळणार नाहीत. पूर्ण पाऊल पायडलवर टेकतं का? टाच आणि चवडा आळीपाळीनं दाबता येतात का? गुडघा टेबलाच्या खणाला लागतो का? सुई तिच्या छातीच्या बरोबर समोर येते का? नवशिकी बाई मशीनच्या मधोमध बसते. बसायचं असतं सुईसमोर, नाहीतर दिवसभरात पाठ आणि खांदा भरून येतो.

मग दोरा न ओवता, दाबपट्टी वर ठेवून नुसतं चालवायचं. आमच्या भागात मोपेडवर फिरून मशीनं दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळ्या त्यांना मामा म्हणतात. ते डोळे मिटून मशीन ऐकतात. मशीन हलकं चालतंय की जड, हे पायाला कळतं. ते कुठे दुखतंय, हे कानाला. नुसती खडखड पायडलकडून येत असेल, तर पायडलपासून मोठ्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक सैल झालेलं असतं, ते आवळता येतं. आवाज बेडच्या खालून, शटलच्या जागेवरून येत असेल, तर मी पुढं बोलत नाही. आधी मशीन मागे कलवते आणि खाली बघते.

इथं घराघरांत जे काळं मशीन दिसतं, त्याच्यावर नाव कुठलंही असो, आतली घडण बहुतेक वेळा एकच असते, सिंगरच्या १५ नंबरच्या वर्गाची. उभं बसणारं गोल बॉबिन, मागं-पुढं झुलणारं शटल, डाव्या टोकाला ताणाच्या चकत्या. सिंगरनं स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला १८८५ मध्ये मोठा कारखाना उभारला. या वर्गातल्या '१५के' मशीनच्या नावातला 'के' हा त्या कारखान्याच्या किलबोवी या जागेचा. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथली मशीनं अजून आपल्याकडच्या घरांत चालू आहेत. १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' आणलं, त्या कंपनीच्या लाला श्रीराम यांनी आपल्या मुलीचं नाव मशीनला दिलं. पुढं लुधियानातल्या लहानमोठ्या कारखान्यांनी हीच घडण उचलली. त्याचा फायदा माझ्या मुलींना असा होतो, की बॉबिन, बॉबिन केस, सुई, पट्टा, ताणाची स्प्रिंग हे सगळं तालुक्याच्या बाजारातसुद्धा मिळतं आणि एकाचं दुसऱ्याला सहसा बसतं. यंत्रांबद्दल इतके सावध असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राचा मुद्दाम अपवाद केला होता. रोज मशीनवर बसणाऱ्या बाईला त्यामागचं कारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हे यंत्र तिच्या हाताखाली राहतं. ते उघडतं, दिसतं, आणि बिघडलं तर कशानं बिघडलं ते डोळ्यांना कळतं.

मध्यंतरी एका मुलीसाठी आम्ही मशीन बघायला गेलो होतो. मिल चालू होत्या त्या काळात कामगारांचे सदरे-पायजमे शिवणाऱ्या एका शिंप्याचं घर. ते गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि बाईंनी मशीन विकायला काढलं. खोलीत शिरल्याबरोबर मला मशीनचा बेड दिसला. सुईच्या डावीकडे, जिथं शिवताना तळहात टेकतो तिथं काळा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी साफ उडालेली, खालचं बीड गुळगुळीत होऊन चमकत होतं. मुलीचा भाऊ हळूच म्हणाला, "लई वापरलंय, अक्का." मला मात्र तिथंच बरं वाटलं. ज्या मशीनवर माणसानं जन्मभर पोट भरलं, त्याला तो वेळेवर तेल देतो, त्याचा आवाज बदललेला त्याला चालत नाही. रंग गेला म्हणजे मशीन गेलं असं नसतं.

पिशवीतून सामान काढलं. अशा वेळी माझ्याजवळ नवी १४ नंबरची सुई, लाल आणि पांढरं रीळ, वहीचे रेघांचे कागद, मांजरपाटाचे तुकडे, जीनचा एक जाड तुकडा, बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर असतो. मशीनमधली सुई मी आधी काढून टाकते. जुन्या बोथट सुईवर मशीनची परीक्षा करणं हा मशीनवर अन्याय आहे, आणि सुई उलटी बसलेली असली तर चांगलं मशीनसुद्धा टाका धरत नाही. विकणाऱ्या माणसानं कितीतरी वेळा त्यालाच कंटाळून मशीन बाजूला टाकलेलं असतं.

कागद दाबपट्टीखाली घेतला आणि मुलीला म्हटलं, हात न लावता चालव. क्लासच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना बिनदोऱ्याची सुई रेघेवर चालवायला लावते, त्यामुळे कागद तिच्या ओळखीचा होता. भोकं सरळ ओळीत, सारख्या अंतरावर पडली. म्हणजे दाते झिजलेले नाहीत आणि दोन्ही बाजूंनी सारखं ओढतायत. मग वर लाल दोरा, खाली बॉबिनमध्ये पांढरा. चांगल्या टाक्याची गाठ दोन पदरांच्या मध्ये बसते, वरून फक्त लाल दिसतो आणि खालून फक्त पांढरा. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली लाल फासे लोंबले तर वरचा ताण कमी. हे ताणाचं बटण फिरवून सुधारत असेल तर काळजी नाही. बटण कितीही फिरवलं तरी फरक पडत नसेल, तर ताणाच्या चकत्यांत दोऱ्यानं चर पाडलेले असतात किंवा स्प्रिंग गेलेली असते. ते भाग बदलता येतात, पण ते पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत. इथं टाका एका फिरवण्यात जागेवर आला. जीनच्या चार पदरांवर मशीन जरा अडखळलं, मग मुलीनं चाकाला हातानं मदत केली आणि सुई पार झाली.

अडलं ते बॉबिन भरताना. चाकाच्या मधली गोल मूठ सैल केली की नुसतं चाक फिरायला हवं आणि सुई जागेवर थांबायला हवी. इथं मूठ सैल करूनही सुई वर-खाली नाचत होती. बाई म्हणाल्या, "ते शेवटी शेवटी असंच भरत होते." भावाला वाटलं मशीन आतून गेलंय, आणि तो दोन पावलं मागं सरला. मी मूठ काढली. तिच्यामागं एक कानांचा वॉशर असतो, बोटाच्या पेराएवढा. साफसफाई करताना तो अर्ध्या फेऱ्यानं फिरून बसला, की मूठ नेमक्या जागी सैल होत नाही. मी तो मुलीच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, आता तू बसव. तिनं तो उलटसुलट फिरवून पाहिला, आतले दोन कान दांड्याच्या खाचेत बसवले, मूठ आवळली, छोटा स्क्रू लावला. मूठ सैल केली आणि चाक एकटं फिरलं. त्या क्षणापासून भाव तीच बोलायला लागली. भावाकडे तिनं पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

बाईंनी पैशांआधी एकच विचारलं, "कोण बसणार हाय यावर?" मुलगी म्हणाली, मी. मग बाईंनी खणातून शिंपीकाकांचं सगळं सामान काढलं: बॉबिनांचा डबा, दुमड घालायची पट्टी, लोखंडी गज, मेणाचा तुकडा. हे वेगळं विकत घ्यायला गेलं तर हजारभर रुपये लागले असते. जुनं मशीन शक्यतो माणसाच्या घरातून घ्यावं असं मी म्हणते, त्याचं हे एक कारण आहे. घरातून मशीन येतं तेव्हा ते कशासाठी वापरलं गेलं हे कळतं.

दुकानातून घ्यायला माझी ना नाही, पण तिथं जास्त डोळस राहावं लागतं. एका दुकानात आम्हाला आरशासारखं झगझगीत मशीन दाखवलं गेलं, वर नव्यानं चिकटवलेली सोनेरी चित्रं. अशी चित्रं बाजारात सुटी मिळतात, त्यामुळे नावावर विसंबून काही ठरवता येत नाही. सिंगरच्या खऱ्या जुन्या मशीनवर बेडला क्रमांक उठवलेला असतो. १९०० नंतरच्या मशीनवर आकड्यांपुढं इंग्रजी अक्षर असतं आणि त्यावरून कारखाना आणि साधारण वर्ष काढता येतं. त्या मशीनवर क्रमांकाच्या जागी लांबीचा जाड थर होता. मी मागच्या बाजूला, जिथं बिजागरीचे खुंट बेडमध्ये जातात, तिथं बॅटरी धरली. रंगाखाली केसाएवढी रेघ, खुंटापासून कडेपर्यंत गेलेली. बीड हे कडक पण ठिसूळ. मशीन मागं कलंडून पडलं की पहिल्यांदा तिथंच तडकतं, आणि बिडाला वेल्डिंग सहजासहजी धरत नाही. असं मशीन आज शिवेल, उद्याही शिवेल, आणि एक दिवस तेल द्यायला मागं कलवलं की हातात येईल. झिजलेलं मशीन घ्यावं, तडकलेलं घेऊ नये. मामांचं आणि माझं एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे.

काही मशीनं न चालता आजारी पडतात. लग्नात दिलेलं, पुढं टीव्हीखाली टेबल म्हणून वापरलेलं मशीन मी पुष्कळ घरांत पाहिलं. कुणीतरी कधीतरी त्यात खोबरेल घातलेलं असतं. खोबरेल सांध्यात थिजतं, चिकटतं, आणि चाक दोन हातांनीही फिरत नाही. असं अडकलेलं मशीन अगदी कमी पैशांत मिळतं आणि ते घ्यायला मी कधी घाबरत नाही. तेलाच्या भोकांतून रॉकेल सोडायचं, तासभर थांबायचं, चाक थोडं थोडं मागं-पुढं करत राहायचं, काळा मळ बाहेर आला की पुसायचं आणि मग साधं पातळ मशीन ऑइल. पट्ट्यावर आणि लाकडावर रॉकेल सांडू द्यायचं नाही. एक-दोन दिवसांत मशीन मोकळं होतं. विडीच्या घरातलं मशीन असेल, तर सुईखालची पट्टी काढल्यावर दात्यांच्या फटीत तपकिरी भुगा बसलेला सापडतो, कापडाचा सुतडा आणि तंबाखूची पूड एकत्र दाबली गेलेली. तो टोकदार काडीनं खरवडून काढला की कापड न सरकणारं मशीन लगेच चालू लागतं. गंज सुईदांड्याला लागला असेल आणि बोटाला खड्डे लागत असतील, तर मात्र ते मशीन सोडावं.

एक प्रकार मला अजून जड जातो. सरकारी योजनेतून मिळालेलं, खोक्यातून बाहेरसुद्धा न काढलेलं मशीन एखादी बाई विकायला काढते. भाव चांगला असतो. घ्यायला आलेली माझी विद्यार्थिनी गरजूच असते आणि विकणारीलाही पैशांची निकड असते. तरी मी विकणारीला विचारते, शिकलीस का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. मशीन दिलं, बसायला कुणी शिकवलं नाही. अशा एक-दोघींना मी म्हटलं, विकू नको, महिनाभर माझ्याकडे ये, पैसे नको देऊस. एक आली. आता ती फॉल-पिको करते, पिकोसाठी वेगळं जुनं मशीन तिनं नंतर घेतलं. दुसरीनं विकलं, तिच्या घरी आजारपण होतं, आणि त्यापुढं माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. मशीन वाटणाऱ्यांनी मशीनसोबत एक महिन्याची शिकवणी आणि तेलाची एक बाटली द्यावी, हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते.

यामुळेच माझ्या क्लासचा क्रम मी बदलला. पहिले तीन दिवस कापड नाही. सुई काढायची आणि बसवायची, बॉबिन केस दोऱ्याला टांगून हलका झटका देऊन ताण तपासायचा, शटल काढून पुसायचं, तेलाची सगळी भोकं शोधायची, पट्टा सैल झाला तर कापून पुन्हा तारेनं जोडायचा. काही मुली कुरकुरतात, त्यांना गळ्यांचे नमुने हवे असतात. पण ज्या मुलीनं शटल हातात घेऊन त्याच्या टोकावरून नख फिरवलं आहे, ती पुढं मशीन विकत घेताना फसत नाही. टोकाला बारीक खरबरीतपणा लागला, तर दोरा तुटत राहणार, हे तिला किंमत देण्याआधीच कळतं.

शिंपीकाकांचं मशीन ज्या मुलीनं घेतलं, ती आता मागच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते आणि जूनच्या आधी शाळेच्या गणवेशाच्या खिशांचं काम घेते. सोलापुरात गणवेशाचं काम मोठं आहे, बाहेरच्या राज्यांतही माल जातो, आणि हंगामात घरी शिवणाऱ्या बायकांना उसंत नसते. खिसे देणाऱ्या माणसानं तिला सांगितलं, की जलद मशीन घेतलंस तर कॉलरचंही काम देईन, त्याला दर जास्त आहे. आता तिला बंद पडलेल्या एका युनिटचं जुनं कारखानी मशीन हवंय, मिनिटाला पाच हजार टाके घालणारं, खाली तेलाची टाकी आणि मोटर असलेलं. त्यासाठी काळं मशीन विकायची तिची तयारी आहे.

माझं मत वेगळं आहे आणि मी तिला ते सांगितलं. कारखानी मशीन सरळ शिवणीला उत्तम, पण क्लच मोटर शिवत नसतानाही घरघरत वीज खात राहते, दिवे गेले की काम थांबतं, आणि त्याची दुरुस्ती मामांच्या मोपेडवर येत नाही. मलमल, शिफॉन, लहान मुलीचं झबलं, जुन्या साडीची गोधडी ही कामं पायाच्या वेगानंच चांगली होतात. ती म्हणते, "बाई, मलमल वर्षातून चारदा येते. कॉलर रोज येते." तिचा हिशेब चुकीचा नाही. दोन्ही मशीनं ठेवायला तिच्या घरात जागा नाही, हेही खरं. मी तिला एवढंच सुचवलं, की काळ्या मशीनचं हेड काढून पेटीत ठेव, टेबल-स्टँड विक. स्टँड कधीही मिळतो, असं हेड पुन्हा मिळायचं नाही. तिनं अजून ठरवलेलं नाही. येत्या रविवारी आम्ही ते कारखानी मशीन बघायला जाणार आहोत. मोटर चालू करून तेल काचेतून वर उडताना दिसतं का, हे आधी बघायचं, असं तिनंच मला काल फोनवर सांगितलं.